डॅमेज माझं जास्त, कौतुक त्याचं

ताई,

मी १९ वर्षांचा आहे, सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आम्ही पाच जण रोज रात्री जेवणं आटोपली की ओव्हरवॉच हा पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळतो. शाळेपासूनचे दोन मित्र, कॉलेजातली एक मैत्रीण, पुण्यात हॉस्टेलवर राहणारा माझा मावसभाऊ आणि मी. मैत्रीण ॲना खेळते, म्हणजे हीलर, साथीदारांचं गेलेलं आयुष्य भरून देणारी. डॅमेजच्या, म्हणजे समोरच्यांना मारायच्या, दोन जागा माझ्याकडे आणि भावाकडे. मी पहिल्यापासून सोल्जर ७६ घेतो, तो ट्रेसर.

परवा किंग्ज रो या नकाशावर हरलो. माझं डॅमेज ११ हजारांच्या वर, त्याचं साडेसहा हजार. दोन्ही टीमच्या दहा जणांत माझा आकडा सगळ्यांत मोठा होता. तरी मॅच संपल्यावर मैत्रीण मला म्हणाली, "तू नुसता टँकला मारत बसतोस." टँक म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून मार झेलणारा. आणि भावाला सगळे म्हणाले, "तू होतास म्हणून इथपर्यंत तरी आलो." हे आता नेहमीचंच झालंय. मी राबतो आणि तो मिरवतो. सहा महिने गोल्ड या रँकमध्ये अडकलोय. सोल्जर सोडून गेंजी किंवा विडोमेकर शिकू का? की ट्रेसरच घेऊन त्याला दाखवून देऊ? तो माझ्याहून वर्षाने लहान आहे. गेले चार दिवस मी त्याच्याशी धड बोललेलो नाही.

— सोल्जर, सांगली

प्रिय सोल्जर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले: "मी राबतो आणि तो मिरवतो." हे वाक्य तू रागात लिहिलंस, पण त्यातलं पहिलं अर्धं खरं आहे, आणि ते तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. ११ हजारांचा आकडा झोपा काढून होत नाही. तुझा नेम बरा आहे, तू सतत लढाईत असतोस, मरून मरून वेळ घालवत नाहीस. हे सगळं त्या आकड्यात आहे. त्यात काय नाही, ते आता बघू.

हा खेळ २०१६ च्या मे महिन्यात आला तेव्हा असा स्कोअरबोर्डच नव्हता. पदकं मिळायची, सोनं-चांदी-ब्राँझ, आणि ती फक्त ज्याची त्यालाच दिसायची. मी तेव्हापासून खेळते आहे. "माझ्याकडे डॅमेजचं गोल्ड आहे, मग हरतोय तुमच्यामुळेच," हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलंय की आजही कानात आहे. आणि गंमत नव्हे, खंत म्हणून सांगते, ते मी स्वतःही बोललेय. मग २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी आवृत्ती आली, सहाच्या टीमची पाचची झाली, दोन टँकऐवजी एकच उरला, आणि सगळ्यांचे सगळे आकडे सगळ्यांना दिसायला लागले. भांडणं मात्र तीच राहिली. कारण डॅमेजचा रकाना इतकंच मोजतो की तुझ्या गोळ्या कुणाच्या तरी अंगाला लागल्या. कुणाच्या, कधी, आणि पुढे त्याचं काय झालं, हे तो मोजत नाही.

एक उदाहरण घे. समोर राइनहार्ट हा टँक उभा आहे. तू त्याच्या अंगावर ३०० डॅमेज केलंस. त्यातही त्याचं चिलखत प्रत्येक गोळीचा थोडा भाग गिळतं, म्हणजे ३०० करायला तुला जास्तच गोळ्या लागल्या. त्याच्यामागे उभ्या असलेल्या ॲनाने दोन-चार गोळ्यांत ते सगळं भरून काढलं. आता हिशोब कर. तुझ्या नावावर ३०० चढले. तिच्या नावावर ३०० हील चढलं. तुझा व्हायझर थोडा भरला आणि तिचा नॅनो बूस्टही थोडा भरला; ही तुम्हा दोघांची खेळता खेळता भरत जाणारी मोठी अस्त्रं. राइनहार्ट जिथे होता तिथेच, जसा होता तसाच. असं मॅचभर चाललं की तुझा आकडा ११ हजारांवर जातो आणि समोरच्या ॲनाचा नॅनो दर लढाईला तयार असतो. तेच ३०० डॅमेज ॲनाच्या अंगावर पडलं तर ती मरते. तिच्याकडे एवढं आयुष्य नसतंच.

तुझी मैत्रीण स्वतः ॲना खेळते, म्हणून तिला हे सगळ्यांत आधी दिसलं. समोरून कुणी नुसता आपल्या टँकलाच मारत असेल तर हीलरला किती निवांत वाटतं, ते तिला रोज अनुभवायला मिळतं. तिने ते कडवट शब्दांत सांगितलं, पण खरं सांगितलं.

आता यातून "टँकला कधीच मारायचं नाही" असा धडा घेऊ नकोस. पाचाच्या खेळात टँक एकच असतो. तो पडला की बहुतेक वेळा लढाई संपते. विन्स्टन हा टँक उडी मारून तुमच्या अंगावर आलाय, परत जायला उडी अजून तयार नाही, त्याचा संरक्षक बुडबुडा फुटलाय, तर सगळ्यांनी मिळून त्यालाच मारायचं. राइनहार्ट एकटाच पुढे धावत आला आणि त्याचा हीलर भिंतीआड राहिला, तरी तेच. प्रश्न एवढाच विचारायचा: मी आत्ता जे मारतोय ते भरून निघणार आहे का? निघणार असेल तर दुसरीकडे बघ.

हे झालं आकड्याचं. पण तुझा मूळ प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. सोल्जर आणि ट्रेसर दोघे डॅमेजच्या रांगेत बसतात म्हणून तू दोघांना एकाच तराजूत तोलतोस. त्यांची कामं वेगळी आहेत.

आधी तुझ्या भावाचं काम सांगते, कारण तेच तुला दिसत नाहीये. ट्रेसरकडे आयुष्य जेमतेम १७५. काही काळापूर्वीपर्यंत तर १५० च होतं. तीन ब्लिंक, म्हणजे क्षणात पुढे नेणाऱ्या झेपा, आणि तीन सेकंदांपूर्वी जिथे होती तिथे परत नेणारा एक रिकॉल. तिच्या पिस्तुलांतल्या ४० गोळ्या एका सेकंदात संपतात. म्हणजे तिने मारायचं ते एका श्वासात, आणि नाही जमलं तर पळायचं. या वेगाने खेळणाऱ्याचा बराच वेळ गोळ्या झाडण्यात जात नाही. लांबून वळसा घालण्यात, कोपऱ्याआड ब्लिंक भरायची वाट बघण्यात, रिकॉल आहे की नाही ते आठवण्यात जातो. आकडा लहान राहतो तो त्यामुळे.

सांगलीचा आहेस, कबड्डी तुला मी सांगायला नको. चढाईला गेलेल्याकडे ३० सेकंद असतात. तो समोरच्या सातही जणांना आपल्याकडे बघायला लावतो, एखाद्या कोपरारक्षकाला मोह पाडतो, आणि हात न लावताही मध्यरेषेपार सुखरूप परत आला तर जाणकार माणूस ती चढाई वाया गेली असं म्हणत नाही. ट्रेसरचं तसंच आहे. ती मागून आली की ॲना मागे वळते. ॲना वळली की टँकला हील नाही. तिला वाचवायला आणखी एक जण वळला तर पाच सेकंद पुढच्या रस्त्यावर तुम्ही चार जण तिघांशी लढता. त्या पाच सेकंदांसाठी स्कोअरबोर्डवर कुठलाच रकाना नाही. तुझे मित्र ते पाच सेकंद अंगावर अनुभवतात, म्हणून भावाचं कौतुक होतं. आणि चढाईचा दुसरा भागही तितकाच खरा: जो परत येत नाही तो चढाईपटू टीमला महागात पडतो. तुझा भाऊ लढाईच्या सुरुवातीलाच मरत असेल तर ती त्याची चूक आहे, आणि ती त्याला सांगायचा हक्क तुला आहे. पण आधी बघून मग सांग.

आता तुझा सोल्जर. मला त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहायचंय, कारण गोल्डमध्ये तो सगळ्यांत जास्त वाया घालवला जाणारा हिरो आहे असं माझं ठाम मत आहे. सोपा म्हणून घेतला जातो आणि मग टँकच्या पाठीमागे उभं राहून सरळ रस्त्यावर बंदूक चालवली जाते. तू पत्रात कुठे उभा राहतोस ते लिहिलेलं नाहीस. तरी मी अंदाज करते: किंग्ज रोवर पहिल्या पॉइंटच्या हल्ल्यात तू पुतळ्याजवळ, तुमच्या टँकच्या मागे, ॲनाच्या बाजूला असतोस. तिथून तुला समोर एकच दिसतो, त्यांचा टँक. जो दिसतो त्यालाच माणूस मारतो. म्हणजे तुझ्या नेमात काही खोट नाही, तू उभा राहतोस त्या जागेत आहे.

सोल्जरला काय काय दिलंय ते एकदा नीट बघ. धावता येतं, म्हणजे टीमपासून थोडं लांब, उंचावर, बाजूला लवकर जाऊन बसता येतं. बायोटिक फील्ड आहे, म्हणजे तिथे एकटं असताना स्वतःला थोडं भरून घेता येतं, हीलरला हाका माराव्या लागत नाहीत. हेलिक्स रॉकेट आहे, म्हणजे कुणी अर्धा झाला की त्याला संपवायला एक ठोसा हाताशी आहे. एका माणसाने बाजूची उंच जागा धरून एकट्याने टिकावं, यासाठीच ही सगळी सामग्री आहे. तीच तू टँकच्या पाठीमागे वापरतोस.

किंग्ज रोवर हॉटेलातून जा. वर जा. तुमचा टँक पुतळ्यापाशी समोरच्यांना अडवून धरेल, तेव्हा तू बाजूने त्यांच्या हीलरकडे बघत असायला हवास. लगेच मारता आलं नाही तरी चालेल. ॲनावर दहा गोळ्या लागल्या की ती आडोशाला जाते, आणि आडोशाला गेलेली ॲना टँकला हील करू शकत नाही. झेन्याटा या हीलरवर लागल्या तर त्याला तर पळताही येत नाही. मात्र फार लांब जाऊ नकोस, अंतर वाढलं की तुझ्या गोळीचा जोर कमी होतो. आणि खाली उतरायची वाट आधी ठरवून ठेव. विन्स्टन तुझ्यावर उडी मारेल तेव्हा फील्ड टाकून तिथेच लढायचं की टीमकडे उडी टाकायची, हे त्या क्षणी ठरवायला गेलास तर उशीर होतो.

असं खेळलास की पहिले दहा-पंधरा सामने तुझा डॅमेजचा आकडा खाली येईल. हे आधीच सांगून ठेवते, कारण तिथेच बहुतेक जण परत टँकच्या मागे जाऊन उभे राहतात. आकडा ११ चा आठ हजार होऊ दे. तू त्याच्या शेजारचा मृत्यूंचा रकाना बघ, आणि लढाईत पहिला कोण पडतो ते मनात मोजत जा. त्यांचा हीलर पहिला पडायला लागला की समज बसतेय घडी.

गेंजीचं विचारलंयस. आत्ता नको. त्याचा हात इतका सुंदर चालतो की बघणाऱ्याला वेड लागतं, मलाही लागलं होतं. पण त्याचा स्विफ्ट स्ट्राइक, म्हणजे वार करत मारलेली झेप, कुणी मेल्यावरच लगेच परत मिळतो, म्हणजे त्याची सगळी मजा आधीच कुणीतरी अर्धी केलेली शिकार गाठण्यात आहे. त्याच्या तलवारीला बहुतेक वेळा कुणाच्या तरी नॅनोची जोड लागते. डिफ्लेक्ट, म्हणजे समोरून आलेला मारा परतवणं, कधी करायचं हे समोरच्याच्या हातातली प्रत्येक गोष्ट पाठ झाल्याशिवाय कळत नाही. तू आज चिडलेला आहेस, आणि चिडलेल्या माणसाने गेंजी शिकू नये. तो एकटाच आत घुसतो, मरतो, आणि टीमला दोष देतो. मी हे पाहिलंय.

विडोमेकरबद्दल मी जरा हळवी आहे, कारण दीड वर्ष मी तीच खेळले. एका डोक्यात बसलेल्या गोळीने पाच विरुद्ध चार करायचं, तेही लढाई सुरू व्हायच्या आधी, यासारखं समाधान या खेळात दुसरं नाही. सर्किट रॉयालसारख्या नकाशावर, जिथे रस्ता लांबच लांब सरळ जातो, तिथे चांगली विडो समोरच्यांना कोपऱ्याबाहेर डोकंच काढू देत नाही. पण तिच्या खेळाची लय फार विचित्र आहे. स्कोप लावून, श्वास धरून, गोळी भरायची वाट बघत बसायचं. तीन मिनिटं काहीच घडत नाही. त्या तीन मिनिटांत तुमची टीम चार जणांनी लढत असते, आणि हे विडोला आतून कुरतडतं. मला कुरतडायचं. एखादा दिवस हात चालला नाही की मी टीमवर ओझं व्हायचे, आणि त्या दिवशी दुसरं काही घ्यायला मला सुचायचंही नाही. तुला सतत लढाईत असायला आवडतं, तुझा आकडाच ते सांगतो. तुझा स्वभाव विडोचा नाही. हे उणं म्हणून सांगत नाही.

डॅमेजमध्ये आणखी एक जात आहे तिच्याबद्दल थोडक्यात: जंकरॅट, टॉर्ब्योर्न, मेई, सिमेट्रा. ही माणसं जागा अडवतात. सापळा, टरेट, बर्फाची भिंत. "या दारातून येऊ नका" एवढंच त्यांचं म्हणणं. सिमेट्रा कथेनुसार आपल्या शेजारच्या हैदराबादची, म्हणून मला तिचा लळा आहे, आणि सुरवसा हा भारतातला नकाशा खेळताना मी तिला एकदा तरी घेतेच. पण तुझ्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही, म्हणून पुढे जाते.

ट्रेसर घेऊन "दाखवून देऊ का" असं विचारलंस. दाखवून द्यायला घेऊ नकोस. घे मात्र जरूर. क्विक प्लेमध्ये, म्हणजे रँक पणाला न लावता, २० सामने ट्रेसर खेळ, रँक्डमध्ये नाही. जिंकायचं म्हणून नव्हे, तुझ्या भावाच्या हातांना रोज रात्री काय करावं लागतं ते तुझ्या हातांना कळावं म्हणून. तिसरा ब्लिंक संपला आणि समोर कॅसिडी हा रिव्हॉल्व्हरवाला उभा आहे, तेव्हा पोटात काय होतं ते तुला कळेल. त्या क्षणी वरच्या मजल्यावरून एखाद्या सोल्जरने त्या कॅसिडीवर गोळ्या टाकल्या असत्या तर काय झालं असतं, तेही कळेल. हे कळल्यावर तू परत सोल्जर घेशील तेव्हा वेगळा खेळशील.

इथे एक रुक्ष गोष्ट सांगायला हवी. तू सांगलीहून खेळतोस, सर्व्हर लांब, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, ७०-८० मिलिसेकंदांच्या घरात असणार. या खेळात गोळी लागली की नाही याचा निवाडा बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसलं त्यावरून होतो. म्हणून जास्त पिंगवरही सोल्जरच्या गोळ्या लागतात, पण पळणाऱ्याला मात्र त्रास होतो. तुझ्या पडद्यावर तू कोपऱ्याआड गेलेला असतोस आणि तरी मरतोस. ट्रेसर, गेंजी यांचं सगळं आयुष्य पळण्यावर आहे. वायफायवर खेळत असशील तर राउटरपासून लॅनची वायर ओढून घे, खर्च फार नाही. वायर घेतल्याशिवाय ट्रेसरबद्दल काही मत बनवू नकोस.

आता तुम्ही दोघे. मला खरं तर पत्राच्या पहिल्या ओळीपासून याच गोष्टीवर यायचं होतं. टीममध्ये डॅमेजच्या दोन जागा असतात, आणि सोल्जर-ट्रेसर ही फार चांगली जोडी आहे. एक उंचावरून सतत मारा करतो, दुसरी मागून येऊन चावते. पण दोघांनी वेगवेगळ्या वेळी ते केलं तर दोन्ही वाया जातं. तू मारतोस तेव्हा तो अजून वळसा घालतोय. तो आत गेला तेव्हा तुझं मॅगझिन रिकामं. हीलरला दोघांना एकेक करून तोंड द्यायला मिळतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत, नवव्या सीझनमध्ये, सगळ्या डॅमेज हिरोंना एक गुण मिळाला: ज्याला तुझी गोळी लागते त्याला थोडा वेळ हील कमी मिळतं. सुरुवातीला २० टक्के कमी होतं, पुढे आकडा बदलत गेला. याचा अर्थ समजून घे. तू वरून ॲनावर मारा सुरू केलास की त्या क्षणापासून तिला वाचवणं अवघड झालेलं असतं. नेमक्या त्या दोन सेकंदांत भाऊ आत आला तर ती वाचत नाही. आणि तिच्या मरण्यात तुमच्या दोघांच्याही नावावर एलिमिनेशन लागतं, कारण ज्याने ज्याने तिला मारलंय त्या सगळ्यांना ते मिळतं. तुमच्या स्कोअरबोर्डवर तो रकाना आहेच. डॅमेजच्या आधी तो बघायची सवय लाव.

व्हॉइसवर मोठमोठी वाक्यं नकोत. "वर आहे." "मागे आलो." "ॲना अर्धी." एवढंच. आत कधी जायचं ते त्याने ठरवायचं, कारण त्याचे ब्लिंक त्यालाच माहीत. मारा कधी सुरू करायचा ते तू ठरवायचं, पण तो "मागे आलो" म्हणाल्यावर. तुझ्या मैत्रिणीलाही यात घ्या. तू वर जाणार आहेस हे तिला आधी कळलं तर तू हाकेच्या टप्प्याबाहेर का गेलास म्हणून ती चिडणार नाही, आणि तिचा नॅनो कुणाला द्यायचा हेही तिला आधी ठरवता येईल.

आणखी एक. २०२५ च्या एप्रिलपासून रँक्डमध्ये हिरो बॅन करता येतात. एखाद्या दिवशी सोल्जर बॅन होईल आणि तू रिकाम्या हाताने बसशील. दुसरा एक हिरो तयार असू दे. मी कॅसिडी सुचवेन. सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, प्रत्येक गोळीला किंमत आहे, त्यामुळे "दिसलं की मारलं" ही सवय आपोआप सुटते. शिवाय समोरची ट्रेसर तुमच्या ॲनावर आली तर तिला अडवणारा तोच चांगला. रोज भावाची ट्रेसर जवळून बघणारा माणूस समोरच्या ट्रेसरला कधी काय सुचेल ते ओळखू शकतो. तुझ्यापाशी ही जमेची बाजू आहे आणि ती तू अजून वापरलेली नाहीस.

चार दिवसांच्या अबोल्याबद्दल मी फार बोलणार नाही. तू मोठा आहेस, फोन तू कर. माफी मागायला नको, कारण तुझं दुखणं खोटं नव्हतं. "परवाच्या किंग्ज रोचा रिप्ले आहे, एकत्र बघू या का" एवढंच म्हण. मावसभाऊ आहे, एवढ्याने येईल. त्याच्या कौतुकामुळे तुझ्या मनात जे साचलंय तेही त्याला बोलून दाखव, त्याच शब्दांत, जसं मला लिहिलंस तसं. लहान भावाला अनेकदा कल्पनाच नसते की आपल्यामुळे मोठ्याला डाचतंय.

रिप्ले बघताना तुझ्या किंवा त्याच्या नजरेतून बघू नका. दहापैकी कुणाच्याही नजरेतून बघायची सोय असते, समोरच्या ॲनाच्या नजरेतून बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. वही घ्या. ती भावाकडे किती वेळा वळली ते तू लिही, आणि तुझ्याकडे किती वेळा वळली ते त्याने लिहावं. मग आठवडाभर वरून खेळ, आणि असाच एखादा किंग्ज रोचा सामना पुन्हा तसाच बघा. पहिला रिप्ले लवकर बघा मात्र, नवा पॅच आला की जुने रिप्ले उघडत नाहीत. दोन्ही आकडे मला कळव.

— ताई